एका बाजूचा रेणू

त्या रविवारी उज्ज्वला कारखानीस स्वयंपाकघरात पाटावर बसून बिरड्याचे वाल सोलत होत्या आणि सोलता सोलता मुलीशी भांडत होत्या.

"म्हणजे साबण नाही, पावडर नाही, आणि ही टिकली काखेत घेऊन गावभर फिरायचं. रोह्यातल्या बायका काय म्हणतील?"

"रोह्यातल्या बायका तुझ्या काखेत कशाला डोकावतील?" ऋजुता म्हणाली.

"डोकावायला कशाला हवं? तुझ्या शास्त्राची कृपा लांबूनच कळेल त्यांना."

टिकली म्हणजे एक पातळ, गोल पट्टी होती, मोठ्या कुंकवाएवढी. कातडीवर चिकटवली की घामातून उडणारे सगळे रेणू ती शोषून धरायची. ऋजुता पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत काम करायची तिथे घामाच्या वासावरून आजार ओळखायचं यंत्र तयार होत होतं, आणि आजारी माणसांशी ताडून बघायला धडधाकट माणसांचे नमुने हवे होते. धडधाकट म्हटल्यावर तिला पहिल्यांदा आई आठवली.

विद्याधर कारखानीस दारात येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि ऋजुताला नमस्कार केला.

"क्वालिटीच्या मॅडम ना? बसा, बसा." मग ते बायकोकडे वळले. "बाई, आमची मंडळी दिसली का हो कुठे?"

"आत्ता तर इथेच होती," उज्ज्वलाबाई मान वर न करता म्हणाल्या. "जवळ येऊन बघा."

ते वाकले. बायकोच्या खांद्यापाशी नाक नेऊन त्यांनी एक श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा एकदम सैल पडला.

"हात्तिच्या! तू होय! मी केव्हाचा शोधतोय."

"सापडले ना आता? मग उभे का? चार वाल सोला."

ते शेजारी मांडी घालून बसले आणि सोलू लागले. बोटांनी सवय सोडली नव्हती. वालाला नुसतं दाबलं की आतला डाळिंबी दाणा टुणकन ताटात पडत होता.

विद्याधररावांच्या मेंदूचा जो भाग माणसं ओळखतो तोच आधी झिजत चालला होता. चेहरे गेले, मग आवाज गेले. अशा आजारांत बहुतेकांचं नाक लवकर दगा देतं, यांचं मात्र शाबूत राहिलं होतं. डॉक्टरांना त्याचं नवल वाटे. उज्ज्वलाबाईंना अजिबात वाटत नसे. "जन्मभर धाटावच्या कारखान्यात तेच तर केलं त्यांनी, वास घेत फिरले," असं त्या म्हणत.

दुपारी आईने बिरड्याचा डबा भरून दिला आणि काचेच्या कुपीत बंद केलेली टिकली ऋजुताच्या हातावर ठेवली.

"दोन्ही एका पिशवीत घालू नकोस गं बाई," ती म्हणाली. "नाहीतर तुझं यंत्र म्हणेल, या बाईला वालाचा आजार झालाय."

ऋजुता हसत हसत पुण्याच्या वाटेवरची कोलाडची बस धरायला निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाबाई भाजी आणायला रिक्षात बसल्या. बाजार आला तरी उतरेनात, म्हणून रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

*

पुढचं सगळं भाईमामाने, म्हणजे उज्ज्वलाबाईंच्या भावाने, हातात घेतलं. नातेवाइकांना फोन त्यानेच केले. ऋजुताने प्रयोगशाळेला दोन ओळी लिहून पाठवल्या. घरी आलेल्या बायकांना काही सांगायची गरजच नव्हती, त्या कळूनच आल्या होत्या. आई वारली हे वाक्य ऋजुताच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नाही, आणि ते पडलं नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

राहिले विद्याधरराव.

"त्यांना सांगायचं नाही," भाईमामा म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? तासाभरात विसरणार, परत विचारणार. दर वेळी नवीन बातमी. रोज कितीदा विधुर करशील त्या माणसाला?"

ऋजुताने मान डोलावली. वडिलांपेक्षा आपलीच सुटका झाली असं तिला वाटलं.

तेव्हा घरात ठरून गेलं की उज्ज्वलाबाई बाजारात गेल्यात. जवळच्या अष्टमी गावच्या कुंदाताई म्हात्रे दिवसरात्र राहायला आल्या. बाई बोलकी, दणकट. विद्याधरराव दर थोड्या वेळाने विचारत आणि त्या न कंटाळता सांगत, "येतील हां काका. भाजीवालीशी घासाघीस चाललेली असंल. तुम्ही जेवून घ्या."

पण ते जेवत नसत. ओरडत नसत की ताट लोटून देत नसत, तसं केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. अदबीने म्हणत, "आमची मंडळी येऊ दे. मग बसू सगळेच." पहिले काही दिवस कुंदाताईंनी एक युक्ती केली. काकूंचा न धुतलेला गाऊन शेजारच्या खुर्चीवर टाकला. त्याच्याकडे बघत काका दोन घास खायचे. मग गाऊनचा वास उडाला आणि खुर्चीवर नुसतं कापड उरलं.

डॉक्टर येऊन गेले. मनगट हातात धरून म्हणाले, असंच चाललं तर पोटात नळी घालावी लागेल. सध्या नाकातून.

"नाकातून?" ऋजुताने विचारलं.

"हो. का?"

त्यांना कसं सांगणार, की या माणसाला जगाकडे उघडणारं तेवढं एकच दार उरलंय?

त्या संध्याकाळी तिला टिकली आठवली. पुण्याच्या शीतपेटीत, कुपीत बंद.

*

घामाला स्वतःचा वास नसतो. काखेतल्या ग्रंथी जो द्रव सोडतात त्यातले वासाचे रेणू दुसऱ्या एका रेणूला बांधलेले असतात, म्हणून ते उडू शकत नाहीत. कातडीवर राहणारे जीवाणू ती गाठ तोडतात. मग रेणू मोकळे होऊन हवेत जातात आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या नाकाला कळतं की इथे अमुक एक जण आहे. कोणता रेणू किती, याचा हिशोब प्रत्येकाचा निराळा असतो. तो बराचसा जन्मानेच ठरतो.

यंत्राने आईची टिकली वाचली आणि पडद्यावर आलेख उमटवला. उंच-ठेंगण्या शिखरांची एक रांग दिसली. ऋजुता बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. आईचा फोटो बघताना तिचे डोळे भरून येत. इथे तसं झालं नाही. उलट, ही कोण बाई आहे असं कुतूहल वाटलं. जिच्या कुशीत आपण झोपलो ती आतून अशी होती तर.

विभागप्रमुख थत्ते मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "परत बनवता येईल का, हेच बघतेयस ना?"

"बरेचसे घटक आपल्या कुप्यांत तयार आहेत. हा सगळ्यात उंच मात्र ताजा करावा लागेल."

"नियमात बसत नाही," थत्ते मॅडम म्हणाल्या. मग आलेखाकडे बघत म्हणाल्या, "यंत्र आपलं, रसायनं आपली, आई तुझी. कर. काय होतं ते मलाही बघायचंय."

सगळ्यात उंच शिखर एका आम्लाचं होतं. नाव लांबलचक, रेणू मात्र लहान. त्यात कार्बनचे सात अणू, आणि त्यांतल्या दोघांमध्ये दुहेरी बंध. हा दुहेरी बंध कसा घडवायचा हे ऋजुता कॉलेजात जायच्या कितीतरी आधी शिकली होती. विद्याधरराव ज्या कारखान्यात पाळीप्रमुख होते तिथे अ जीवनसत्त्व बनायचं आणि त्यातली मुख्य पायरी हीच होती. एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांनी ती अंगणात करून दाखवली होती. ते स्वतः फॉस्फरस झाले, शेजारच्या गुप्तेकाकू ऑक्सिजन, आई आणि ऋजुता दोन कार्बन.

"आत्ता मी ऋजूचा हात धरलाय आणि गुप्तेवहिनींनी उजूचा," ते म्हणाले. "दोन जोड्या समोरासमोर आल्या. चौघांनी हात धरले, चौकोन झाला. पण फॉस्फरसला ऑक्सिजनची भारी ओढ. म्हणून तो काय करतो? त्याला घेऊन पळतो!" आणि ते खरोखरच गुप्तेकाकूंना घेऊन फाटकापर्यंत गेले.

"जपून हो गुप्तेवहिनी," आई ओरडली, "हा फॉस्फरस पेट घेतो!"

मागे दोन कार्बन उरले, त्यांचा एकेक हात रिकामा. त्यांनी एकमेकींचे दोन्ही हात धरले. हाच दुहेरी बंध. एकच हात धरला असेल तर जागच्या जागी गिरकी घेता येते. दोन्ही हात घट्ट धरले की येत नाही. म्हणजे आईच्या एका खांद्यावर पिशवी असेल आणि ऋजुताच्या एका खांद्यावर दप्तर, तर ती ओझी एकाच बाजूला आली की विरुद्ध बाजूंना, हे चौकोन जमतानाच ठरून गेलं. चौकोन मोडेपर्यंत परतीची वाट असते, हात सोडून पुन्हा नव्याने समोर येता येतं. फॉस्फरस निघून गेला की मात्र जे झालं ते झालं. ओझी विरुद्ध बाजूंना असलेल्या रेणूला ई म्हणतात, एकाच बाजूला असलेल्याला झेड. अणू तेच, संख्या तीच, वजनही तेच. फरक फक्त आकाराचा, आणि नाकाला आकारच कळतो.

गर्दी टाळायची म्हणून दोन्ही ओझी बहुधा विरुद्ध बाजूंना जातात, त्यामुळे ई जास्त बनतो. पण थोडा झेड बरोबर येतोच. तो येऊ नये म्हणून जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी आपली हयात घालवली आहे. ऋजुताच्या प्रयोगशाळेने तर त्यासाठी खास उत्प्रेरक बनवला होता. त्याला एक खोबण होती, आणि त्या खोबणीत रेणू एकाच पद्धतीने समोरासमोर बसू शकत. सगळी प्रयोगशाळा तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची.

ऋजुताने अर्थात तोच वापरला. आईसाठी काही करायचं तर ते आपल्याकडचं सगळ्यात चांगलं, हे तिने गृहीतच धरलं. निघालेला पदार्थ तपासला. शुद्ध ई, झेडचा मागमूसही नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिला काहीतरी नीट जमल्यासारखं वाटलं. बाकीचे घटक यंत्राने मोजून मिसळले आणि मिश्रण एका लहान डबीत भरलं. भिंतीवर लावलं की डबी ठराविक वेळाने एक फुंकर सोडणार होती.

*

"ही वासाची डबी?" कुंदाताईंनी डबी उलटीपालटी करून पाहिली. "यात काकू?"

"काकू नाही. काकूंचा वास."

"तेच ते. माझ्या नवऱ्याचा नका हो करू असा कधी. तो गेला की खोली आधी फिनेलने धुणार मी."

ऋजुताला हसू आलं. त्या हसण्याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

डबी जेवणाच्या टेबलामागे लावली. ताट वाढलं. विद्याधरराव येऊन बसले. डबीने फुंकर सोडली तसे त्यांचे खांदे ताठ झाले. ते उठले, चारी बाजूंना मान फिरवून हवा हुंगली. ऋजुताने टेबलाची कड घट्ट धरली.

मग ते परत खाली बसले.

"कोणी पाहुण्या आल्यात का?"

"अवो काका, काकूच की!" कुंदाताई म्हणाल्या.

"छे. ही कोणी दुसरी. तिच्याच नात्यातली असावी." ताटाला हात न लावता ते ऋजुताकडे वळले आणि एकदम कारखान्यातल्या आवाजात बोलू लागले. "मॅडम, राग मानू नका. बॅच फार स्वच्छ काढलीत तुम्ही. शेपूट कापलंत."

"काय कापलं?"

"शेपूट हो. मुख्य माल निघून गेल्यावर मागून जो थोडा रेंगाळत येतो तो. तुम्ही लॅबवाले तो टाकून देता. कागदावर छान दिसतं. पण माल ओळखू येतो तो शेपटावरून."

ऋजुताने तिथेच टेबलावर आईचा आलेख उघडला. उंच शिखराच्या अगदी शेजारी, त्याला टेकून, एक बुटका उंचवटा होता. तो तिने पहिल्या दिवशीच पाहिला होता. पाहून सोडून दिला होता. उंच शिखराजवळ असा उंचवटा दिसला की तो झेड, आणि झेड म्हणजे अशुद्धी, हे तिच्या हाडीमाशी इतकं भिनलं होतं की त्याचं मोजमाप करावं असंही तिला वाटलं नव्हतं.

आता तिने मोजलं. बहुतेक माणसांत तो नावापुरता असतो. आईच्यात तो चांगला चौथाई होता.

*

पुण्याला परतल्यावर तिने उत्प्रेरक बाजूला ठेवला आणि वडील ज्या जुन्या पद्धतीने करत असत तशीच क्रिया केली. या पद्धतीत दोन्ही रेणू आपापल्या मर्जीने बनतात. जो झेड आजवर ती मोरीत ओतत आली होती तो तिने थेंबाथेंबाने जपून वेगळा केला आणि उंचवट्याच्या मापाने परत मिसळला.

ही आम्लं चिवट असतात, हातमोजे घातले तरी केसांत, कपड्यांत राहतात. कोलाडला जाणाऱ्या बसमध्ये शेजारची मुलगी दोनदा तिच्याकडे बघून उठून गेली. ऋजुताने स्वतःची बाही हुंगली. आधी नुसता घामाचा वास आला. मग त्याच्या मागून, रेंगाळत, एक दुपार आली. पंखा चालू आहे, आई आडवी पडून वर्तमानपत्र वाचतेय, आणि तिच्या दंडाखाली डोकं खुपसून पडलेल्या मुलीला गरम होतंय तरी हलायचं नाहीये. ताम्हिणीचा सगळा घाट ती खिडकीबाहेर न बघता उतरली.

या वेळी विद्याधररावांनी मान फिरवली नाही. फुंकर आली आणि त्यांनी डोळे मिटले. मग ताट ओढून घेतलं, बिरड्यात भात कालवला आणि जेवू लागले. मध्येच म्हणाले, "मीठ बरोबर आहे हं आज." कुंदाताई पदराने डोळे पुसत आत पळाल्या.

नळीची गोष्ट मागे पडली. त्यांच्या गालांवर मांस चढलं. थत्ते मॅडमनी सगळं बारकाईने विचारून घेतलं, आणि पाहता पाहता ती एका घरापुरती गोष्ट राहिली नाही. प्रयोगशाळेकडे विचारणा येऊ लागल्या. कोणाची अपुऱ्या दिवसांची मुलगी काचेच्या पेटीत होती आणि तिला आईचा वास द्यायचा होता. कोणाचा मुलगा बोटीवर सहा सहा महिने असे. एका बाईंनी लिहिलं होतं, नवरा जिवंत आहे पण सोडून गेलाय, त्याचा शर्ट पाठवते. लोक म्हाताऱ्या आईबापांच्या टिकल्या आधीच जपून ठेवू लागले. ऋजुता ही पत्रं वाचायची आणि प्रत्येकाचा उंचवटा कसा असेल याचा विचार करायची. शेपूट न कापणारी एक नवी शाखाच आपल्या शास्त्रात निघेल असं तिला वाटू लागलं होतं. किती दिवसांनी तिला उद्याचा विचार सुचत होता.

मग कुंदाताईंचा फोन आला.

"ताई, काका जेवतात. वजन वाढलंय. पण तुम्ही एकदा येऊन बघा."

"काय झालं?"

"फोनवर नाही सांगता येत. या तुम्ही."

*

ती दुपारी पोचली. कुंदाताईंनी तोंडावर बोट ठेवून तिला पॅसेजच्या टोकाशी उभं केलं.

विद्याधरराव न्हाणीघराच्या बंद दारासमोर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. दारावर बोटाने हलकेच टकटक करत होते.

"उजू, झालं का? पाणी गार होईल." ते थांबले. "मला माहीत आहे तू आत आहेस. सगळ्या घरात आहेस. मग समोर का येत नाहीस?" पुन्हा थांबले. "काय चुकलं माझं, तेवढं सांग. मला आठवत नाही गं. मी विसरतो हल्ली. तू सांगितलंस तर मी माफी मागीन."

आत कोणी नव्हतं. कुंदाताई हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी कपाटाशी होते. काल माळ्याची शिडी लावली होती. आधी विचारायचे आणि विसरायचे. आता विसरत नाहीत ताई. वास आठवण करून देतो ना सारखी. त्यांना वाटतं काकू रुसल्यात."

ऋजुता भिंतीला टेकली. एवढा मोठा आलेख वाचला, उंचवटा मोजला, आणि हा साधा परिणाम दिसला नाही. बाजारात गेलेल्या बायकोची माणूस वाट बघतो. घरात असून समोर न येणाऱ्या बायकोसमोर तो गुन्हेगार होतो.

तिने बाहेर जाऊन भाईमामाला फोन लावला.

"डबी काढून टाक," तो म्हणाला.

"काढली तर जेवणार नाहीत. परत नळी."

"मग राहू दे. निदान पोटात अन्न तरी जातंय. रुसलीय तर रुसलीय. आमच्या उजूचं काय, ती खरोखरच रुसायची." त्याचा आवाज फाटला. "हे बघ ऋजू, सांगायच्या भानगडीत पडू नकोस. त्यांना झेपायचं नाही."

"त्यांना की आपल्याला, मामा?"

तिने फोन ठेवला.

ती आत आली. डबीतलं मिश्रण संपत आलं होतं. नवी कुपी आणलीच होती, ती भरेपर्यंत विचार करायला वेळ मिळेल म्हणून तिने डबी उतरवली. झाकण काढताना डबी कलंडली आणि चार थेंब कुर्त्याच्या खांद्यावर सांडले. खोलीत आई उभी राहिली. तिने डोळे मिटून घेतले.

मागे पावलं वाजली. तिच्या खांद्यापाशी कोणीतरी वाकलं आणि एक लांब श्वास घेतला.

"आलीस," विद्याधरराव म्हणाले.

ती वळली. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा त्यांना कोणाचाच वाटत नव्हता, पण त्याची त्यांना गरजही नव्हती. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"किती दिवस लपलीस गं. मी सगळीकडे बघितलं. रागावली होतीस ना?"

दारातून कुंदाताई तिला खुणावत होत्या. हो म्हणा ताई, नुसतं हो म्हणा. आणि ते किती सोपं होतं. उद्या पुन्हा चार थेंब, परवा पुन्हा. तिचा आवाज त्यांना परका, चेहरा परका. त्या घरात उज्ज्वला कारखानीस रोज दुपारी जिवंत राहिल्या असत्या आणि कोणालाच, ऋजुतालासुद्धा, ते वाक्य कधी बोलावं लागलं नसतं. 'हो' तिच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"बोल ना," ते म्हणाले. "माझं चुकलं ना काहीतरी?"

त्यांच्या डोळ्यांत धाक होता. पंचाहत्तरीचा माणूस, जन्मभर कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला, न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा विचारत उभा होता.

"बाबा, बसा," ती म्हणाली. त्यांना खुर्चीवर बसवून ती समोर खाली बसली. हात तिने सोडले नाहीत. "तुमचं काहीच चुकलेलं नाही. ती तुमच्यावर रागावली नव्हती. कधीच नव्हती."

"मग लपलीस का?"

"मी उजू नाही, बाबा. हा वास तिचा आहे, मी बनवलाय. मी ऋजू. तुमची मुलगी."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कपाळावर आठी पडली. कारखान्यात एखादा आकडा जुळला नाही की पडायची तशी. "मग ती कुठे आहे?"

पॅसेजमधून कुंदाताई एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. उद्या तेच विचारतील आणि तिला हेच सांगावं लागेल. कदाचित रोज. ऋजुताने बाबांचे हात आणखी घट्ट धरले.

"आई वारली, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "एका सोमवारी सकाळी भाजी आणायला निघाली होती. रिक्षात बसली आणि तिथेच गेली. आपली आई वारली."